हिरवा कांदा काय सांगतो

भाचीने स्क्रीनशॉट पाठवला तो भर दुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. पांढऱ्या पानावर मधोमध हिरवा कांदा, खाली अभिनंदनाची ओळ, हा ब्राउझर टॉर, म्हणजे आपला माग लपवण्यासाठी वाहतूक अनेक यंत्रांमधून फिरवणारं जाळं, वापरतो आहे असं सांगणारी, आणि तिच्याखाली एक आयपी पत्ता, ती जिथे बसली होती त्या देशाशीही संबंध नसलेला. सोबत तिचा मेसेज होता, ‘झालं ना गं मावशी? आता कुणाला कळणार नाही ना?’ मी ‘हो’ टाइप केलं, पाठवायच्या आधी पुसलं, आणि एवढंच कळवलं की आत्ता काही लिहू नकोस, संध्याकाळी बोलू.

तेव्हापासून ते दोन प्रश्न डोक्यातून जात नाहीयेत. ‘झालं ना’ हा प्रश्न यंत्राबद्दलचा होता आणि पानाने त्याचं खरं उत्तर दिलं होतं. ‘कुणाला कळणार नाही ना’ हा प्रश्न मात्र माणसांबद्दलचा होता. तिच्या ऑफिसात बराच काळ चाललेला एक गैरप्रकार तिला बाहेरच्या कुणाला तरी सांगायचा होता, आणि सांगणारी कोण हे उघड झालं तर नोकरी राहणार नाही याची तिला पुरती कल्पना होती. इतकं सगळं पणाला लागलेलं असताना समोर हिरवा रंग दिसला की जीव भांड्यात पडतो. पण पोटात गोळा आलेल्या माणसाला पानावर नसलेलंही वाचता येतं, आणि मला भीती वाटली ती त्याची.

त्या पानावर घडतं ते फार थोडं आहे. तुमची विनंती ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता पानामागचा सर्व्हर पाहतो आणि टॉरच्या एक्झिट रिलेंच्या, म्हणजे वाहतूक जाळ्याबाहेर सोडणाऱ्या शेवटच्या यंत्रांच्या, यादीत तो आहे का ते तपासतो. ही यादी जाहीर असते. ज्या संकेतस्थळांना टॉरवरून येणारे लोक नकोत, त्यांनाही ती मिळते, आणि म्हणूनच टॉर वापरताना जागोजागी कॅप्चाचे धुरकट चौकोन समोर येतात. यादीत पत्ता सापडला की कांदा हिरवा. तुम्ही टॉर ब्राउझर सोडून दुसराच कुठला ब्राउझर टॉरमधून फिरवला असेल, तर तेही ते पान बहुधा ओळखतं आणि हा टॉर ब्राउझर दिसत नाही असं बजावतं. यापलीकडे ते काही बोलत नाही, कारण यापलीकडचं त्याला काही दिसतच नाही. तुम्ही कुठल्या दारातून बाहेर आलात एवढंच त्याला ठाऊक. त्या दारापर्यंत कुठून आलात, आत शिरताना तुम्हाला कुणी पाहिलं का, आणि बाहेर पडल्यावर कुणापाशी काय बोलणार आहात, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी थोडा वेळ त्या कांद्याकडे नुसती बघत राहिले होते. टॉर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा मार्ग आखतो. आधी गार्ड, मग मधला रिले, मग एक्झिट, अशा तीन थांब्यांच्या मार्गाला सर्किट म्हणतात. पत्त्याच्या पट्टीतल्या छोट्या चिन्हावर क्लिक केलं की ते तीन थांबे आणि त्यांचे देश दिसतात. शेजारच्या टॅबमध्ये दुसरं संकेतस्थळ उघडा, तिथे मधला थांबा आणि एक्झिट वेगळे निघतील. गार्ड तेवढा सहसा तोच असतो आणि काही महिने तोच राहतो, कारण तो रोज बदलला तर कधी ना कधी वाईट हेतूच्या माणसाच्या यंत्राशी गाठ पडण्याची शक्यता वाढत जाते. म्हणजे तपासणीच्या पानावर दिसणारा पत्ता हा त्या पानापुरताच. भाची पुढच्या क्षणी जे संकेतस्थळ उघडणार होती, त्याला बहुधा दुसराच पत्ता दिसला असता. आणि ती ज्या प्रकारच्या जागी जाणार होती तिथे तर एक्झिट लागतच नाही. अनेक वृत्तसंस्था माहिती देणाऱ्यांसाठी सिक्युअरड्रॉप चालवतात. त्यांचे पत्ते डॉट ओनियनने संपतात, आणि तिथे जाणारी वाहतूक टॉरच्या जाळ्यातून बाहेर पडतच नाही. मग एक्झिटची यादी तपासून दिलेला कौल तिच्या त्या प्रवासाबद्दल काय सांगणार?

बारकावे असे पुष्कळ आहेत. टॉर ब्राउझरमधून जातं ते त्या ब्राउझरचंच. त्याच संगणकावरचा मेल, मेसेजचं अ‍ॅप, पार्श्वभूमीवर चालणारे अपडेट, सगळे नेहमीच्या रस्त्याने जात असतात. ब्राउझरमधून उतरवलेली फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली आणि तिने आतल्या आत इंटरनेटवरून एखादं चित्र मागवलं, तर ती मागणी तुमच्या खऱ्या पत्त्यावरून जाते. स्वतःच्या हाताने एखादा प्रोग्राम टॉरच्या ९०५० पोर्टाशी, म्हणजे आत शिरण्याच्या दाराशी, जोडणाऱ्यांच्या बाबतीत डीएनएसचा प्रश्न येतो. पान टॉरमधून येतं, पण ‘या नावाचा पत्ता काय?’ ही चौकशी आधीच तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे उघडउघड जाऊन आलेली असते. व्हीपीएनवाल्यांच्या, म्हणजे आपली वाहतूक एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्यांच्या, वाट्याला आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) आणि वेबआरटीसीची गळती येते. वेबआरटीसीत व्हिडिओ कॉलसाठी ब्राउझरमध्ये असलेली सोयच खरा पत्ता सांगून बसते. २०१५ च्या सुरुवातीला हे प्रात्यक्षिकासह दाखवलं गेलं तेव्हा अनेक जण हादरले होते. आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द टॉर ब्राउझरच्या मॅक आणि लिनक्सवरच्या आवृत्त्यांत एक दोष सापडला. file:// ने सुरू होणारी विशिष्ट दुव्याची रचना समोर आली की ऑपरेटिंग सिस्टिम ब्राउझरला डावलून थेट दूरच्या सर्व्हरशी बोलायची. दुरुस्ती झटपट झाली. पण त्या आधी तपासणीचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाला हिरवा कांदाच दिसला असणार, आणि तो खोटाही नव्हता.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा यातलं काहीच मी आधी काढलं नाही. पहिला प्रश्न विचारला, ‘तू बसली होतीस कुठे?’

लॅपटॉप तिचा स्वतःचा होता, एवढं बरं. ऑफिसचा असता तर टॉरची चर्चाच व्यर्थ होती. कंपनीच्या यंत्रावर कंपनीचंच निगराणीचं सॉफ्टवेअर असू शकतं, पडद्याची चित्रं टिपणारं, प्रत्येक कळ नोंदवणारं, आणि अक्षरं टॉरमध्ये शिरण्याआधीच तिथे वाचली जातात. वाय-फाय मात्र ऑफिसचं होतं. त्यावर मी तिला २०१३ च्या डिसेंबरमधली हार्वर्ड विद्यापीठातली घटना सांगितली. एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बाँब ठेवल्याचे खोटे मेल पाठवले. केलं ते वाईटच होतं, त्याची बाजू मला घ्यायची नाही. पण तो सापडला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. त्याने टॉर वापरलं होतं, तात्पुरता पत्ता देणारी मेलसेवा वापरली होती, आणि टॉर कुठेही फुटलं नव्हतं. मेल टॉरवरून आलेत एवढं तपास करणाऱ्यांना समजलं. मग त्यांनी विद्यापीठाच्या वायरलेस जाळ्याच्या नोंदी काढल्या आणि त्या सुमारास तिथून टॉरला कोण जोडलं गेलं होतं ते पाहिलं. त्यातून ते त्याच्यापर्यंत पोचले, आणि समोर बसवून विचारल्यावर त्याने कबूल केलं. टॉरने त्याचा मजकूर लपवला होता, तो कुठे जातोय तेही लपवलं होतं. तो टॉर वापरतोय ही गोष्ट मात्र त्याच्याच वाय-फायवर उघडी होती.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे आमच्या आयटीवाल्यांना आज दिसलं असेल.’ मी म्हटलं, पाहिलं असेल असं नाही, पण पाहायचं ठरवलं तर दिसेल. टॉरचे ब्रिज असतात, ज्यांचे पत्ते जाहीर यादीत नसतात. ओबीएफएस४ आणि स्नोफ्लेकसारख्या युक्त्या टॉरच्या वाहतुकीला वेगळं रूप देतात. टॉरवर बंदी असलेल्या देशांतले लोक त्यांच्याच आधारावर जोडले जातात. पण तिच्यासाठी सर्वांत सोपा उपाय यापैकी कुठलाच नव्हता. ऑफिसच्या जाळ्यावरून, ऑफिसच्या वेळेत हे काम करायचंच नाही, एवढाच तो उपाय. माहिती देणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवणाऱ्या वृत्तसंस्थाही आपल्या सूचनांत हेच वरच्या ओळींत लिहितात.

२०१७ चं आणखी एक प्रकरण मी तिला सांगावं की नाही, या विचारात होते. शेवटी सांगितलं. अमेरिकेत सरकारी कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या एका तरुणीने गुप्त अहवालाची छापील प्रत टपालाने एका वृत्तस्थळाकडे पाठवली. तिथल्या लोकांनी तो अहवाल खरा आहे का हे विचारायला त्याची प्रत सरकारी यंत्रणेला दाखवली, आणि कागदावरच्या घडीवरून तो छापून बाहेर नेला गेल्याचं लक्षात आलं. न्यायालयात सादर झालेल्या प्रतिज्ञापत्रानुसार तो अहवाल छापणारे सहाच जण होते. त्या सहांच्या कामाच्या संगणकांमध्ये एकावरूनच त्या वृत्तस्थळाशी मेलने संपर्क झालेला आढळला. तिथे आयपी पत्त्याचा माग काढावाच लागला नाही. सहा जण, आणि त्यातली एक. ‘तुला जे ठाऊक आहे ते ऑफिसात आणखी किती जणांना ठाऊक आहे?’ असं मी विचारलं, आणि पलीकडून उत्तरच आलं नाही.

हे विचारल्याचं मला अजून बोचतं. प्रश्न योग्य होता आणि विचारणं भागच होतं, यात मला शंका नाही. पण दुपारपर्यंत बोलायला निघालेली मुलगी माझ्याशी बोलता बोलता गप्प होत गेली, हे मी फोनवर ऐकलं. धोक्यांची माहिती देणं आणि घाबरवून बसवणं यांच्यातली रेघ फार बारीक आहे. माहिती बाहेर येऊ नये अशी ज्यांची इच्छा असते, त्यांचं निम्मं काम आमच्यासारखे सावधगिरी शिकवणारेच करून टाकतात का, असं त्या रात्री वाटून गेलं. हिरव्या कांद्यावर विसंबून तिने दुपारीच सगळं लिहून टाकलं असतं तर कदाचित काहीही झालं नसतं. कदाचित नोकरी गेली असती. या दोन ‘कदाचित’ मधलं एक निवडण्याचा हक्क तिचा होता. तो तिने नीट माहितीनिशी वापरावा एवढीच माझी धडपड होती, पण माहितीला स्वतःचं वजन असतं आणि ते खांद्यावर पडतंच.

टॉर ब्राउझर पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक गोष्ट खटकते. पानाभोवती राखाडी पट्टे दिसतात. विंडो मोठी करा, लहान करा, मजकूर त्या पट्ट्यांच्या आतच राहतो. मला सुरुवातीला ते बिघडल्यासारखं वाटायचं. ते मुद्दाम केलेलं आहे. पानाचा आकार दोनशे आणि शंभर पिक्सेलच्या पटीत गोल केला जातो, म्हणजे तुमच्या पडद्याचं नेमकं माप संकेतस्थळाला कळत नाही. त्याच हेतूने हा ब्राउझर तुम्ही पृथ्वीवर कुठेही असलात तरी वेळ युटीसीचीच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच, सांगतो, आणि फॉन्टची यादी सगळ्यांची सारखी ठेवतो. यामागचं कारण २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेल्या प्रयोगात ठळक दिसलं होतं. त्यांनी लोकांना एका पानावर बोलावून त्यांच्या ब्राउझरची वैशिष्ट्यं नोंदवली, तेव्हा सुमारे पावणेपाच लाख ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के त्या नोंदींत एकमेवाद्वितीय निघाले. नाव नको, कुकी नको, आयपी पत्ताही नको. पडद्याचं माप, फॉन्ट, प्लगिन, वेळेचा पट्टा एवढ्यावर माणूस वेगळा काढता येतो. आपण स्वतःच्या आवडीने ब्राउझर सजवतो, एखादं उपयोगी एक्स्टेन्शन टाकतो, आणि तेवढ्यापुरते इतरांपेक्षा वेगळे होतो. टॉर ब्राउझर सांगतो, काही बदलू नका, सगळ्यांसारखे दिसा. मला हे आधी रुचलं नव्हतं. आता त्या राखाडी पट्ट्यांबद्दल माया वाटते.

सगळ्यांसारखं दिसण्याची ही गोष्ट टॉरच्या जन्मातच आहे. ओनियन राउटिंगची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हर्सन, डेव्हिड गोल्डश्लॅग आणि मायकेल रीड यांनी मांडली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हर्सनसोबत टॉर घडवलं. २००२ मध्ये ते चालू झालं आणि सगळ्यांसाठी खुलं राहिलं. नौदलाने लपण्यासाठी बनवलेली गोष्ट जगाला का दिली, असा प्रश्न सहज पडतो. ती फक्त नौदलापुरती ठेवली असती, तर त्या जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच आहे हे पाहणाऱ्याला कळलं असतं. रिकाम्या गल्लीतून तोंड झाकून चालणाऱ्या माणसाकडेच सगळे बघतात. लपायचं तर गल्लीत गर्दी हवी, आणि ती नाना तऱ्हेच्या लोकांची हवी. पत्रकार, विद्यार्थी, पोलीस, आजाराबद्दल गुपचूप वाचणारी माणसं, नुसतंच कुतूहल म्हणून आलेली माणसं. हार्वर्डच्या त्या वाय-फायवर त्या सकाळी शेकडो विद्यार्थी टॉर वापरत असते, तर त्या नोंदींतून एका खोलीचं दार सापडलं नसतं.

म्हणून मला वाटतं की आपण तपासणीला चुकीची गोष्ट विचारतो. माझं कनेक्शन निनावी आहे का, असं विचारलं की उत्तर आपल्या यंत्रात शोधलं जातं. निनावीपण एकट्याच्या यंत्रात मावत नाही. ते जगभरातल्या काही हजार स्वयंसेवी रिलेंवर आणि रोज त्यातून जाणाऱ्या लाखो अनोळखी लोकांवर उभं असतं. तो हिरवा कांदा दिसतो तेव्हा कुठल्या तरी देशात कुणीतरी आपल्या पैशाने सर्व्हर चालवत असतो, आपल्या एक्झिटमधून कुणी काय केलं याच्या तक्रारी झेलत असतो. त्यात सगळेच भले असतात असंही नाही. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश सुरक्षा संशोधकाने पाच एक्झिट चालवून त्यातून वाहणारं वाचलं आणि अनेक दूतावासांच्या मेल खात्यांचे पासवर्ड त्याच्या हाती लागले. टॉरने त्या लोकांचं ठिकाण लपवलं होतं, पण शेवटच्या टप्प्यावर मजकूर उघडाच होता. आता एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून नेणारी पद्धत, जवळपास सगळीकडे आहे आणि २०२२ पासून टॉर ब्राउझर मुळातच तोच आग्रह धरतो, त्यामुळे तो धोका खूप कमी झाला. दोन्ही टोकांवर नजर ठेवणारा कुणी असला तर वेळ आणि वाहतुकीचं प्रमाण जुळवून तो माणूस ओळखू शकतो, हा धोका आजही आहे. टॉर बनवणाऱ्यांनी २००४ च्या आपल्या शोधनिबंधातच हे स्पष्ट लिहून ठेवलं होतं. आपल्या वस्तूची मर्यादा पहिल्या दिवसापासून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

भाचीने अजून काही लिहिलेलं नाही. अधूनमधून ती विचारते, मी सांगते. फोटो पाठवणार असशील तर त्यात जागेच्या खुणा दडलेल्या असतात. दस्तऐवजाच्या गुणधर्मांत लिहिणाऱ्याचं नाव असतं. तुझ्या वाक्यांची धाटणी तुझ्या वरिष्ठांच्या ओळखीची आहे. त्याच ब्राउझरमधून स्वतःच्या खात्यात लॉगिन केलंस, तर तीन थांबे ओलांडून तू स्वतःच आपलं नाव सांगशील. यातल्या कशाचीही तपासणी करणारं पान नाही. ते काम दोन माणसांनी फोनवर बसून, एकमेकींना प्रश्न विचारत करायचं असतं.

मी मात्र माझ्या वाटणीचं एक काम सुरू केलं आहे. काहीही लपवायचं नसताना टॉर ब्राउझर उघडते. हवामान बघते, शब्दकोश उघडते, जुने लेख वाचते. पानं सावकाश येतात, मध्येच एखादं संकेतस्थळ माझ्याशी भलत्याच भाषेत बोलू लागतं कारण त्या दिवशीचा एक्झिट त्या देशातला असतो, वाहतुकीचे दिवे ओळखायला लावणारे कॅप्चा येतात आणि कधीकधी सरळ प्रवेश नाकारला जातो. तरी वाचते. ओळखीच्या चार जणांनाही हेच सांगते आहे, आणि त्यांनी ‘पण आम्हाला त्याची काय गरज?’ असं विचारलं, की मी त्यांना माझ्या भाचीचं नाव न घेता तिच्याबद्दल सांगते.